६१७४ : एका संख्येची हकीकत

कामगार संघटनेत हयात घालविलेला माणूस इतिहासावर बोलावयास उभा राहिला, की तो संपांचा, कायद्यांचा, फार तर आठ तासांच्या दिवसाचा इतिहास सांगणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आणि ती गैर नाही. आज मात्र आम्ही एका संख्येचा इतिहास सांगणार आहोत. ती संख्या ६१७४. महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी तिचा गुण शोधून काढला आणि जगभरच्या गणित्यांनी तिला त्यांचे नाव दिले. हे कसे घडले, आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

आमची शाळा लवकर सुटली. गणित आम्ही शिकलो ते पगारपत्रकावर. हातात पडले किती, पडावयास हवे होते किती, आणि मधले गेले कोठे, हा आमचा वजाबाकीचा पहिला धडा. ६१७४ ही संख्या तर निव्वळ वजाबाकीतून वर आलेली आहे. तिच्यासाठी बीजगणित नको, भूमिती नको. प्राथमिक शाळेतल्या मुलाला येते तेवढी हातच्याची वजाबाकी पुरे. तेव्हा आधी कृती पाहू, मग इतिहास.

कोणतीही चार आकडी संख्या घ्यावी. अट एकच : चारही आकडे सारखे नसावेत. त्या संख्येचे आकडे उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी. तेच आकडे चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या करावी. आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यालाही हाच न्याय लावावा, आणि असे करीत जावे. उदाहरणादाखल १९४९ हे साल घेऊ. हेच का, ते पुढे कळेल.

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

सात पायऱ्यांत आपण ६१७४ ला पोहोचलो. आता पुढे जाऊन पाहावे. ६१७४ चे आकडे उतरत्या क्रमाने ७६४१, चढत्या क्रमाने १४६७. वजाबाकी केली की उत्तर पुन्हा ६१७४. येथून हलता येत नाही. आणि ही गोष्ट काही १९४९ पुरतीच नाही. श्रोत्यांपैकी प्रत्येकाने आपले जन्मसाल घ्यावे, घराचा क्रमांक घ्यावा, वाटेल ते चार आकडे घ्यावेत. सातव्या पायरीच्या आत किंवा सातव्या पायरीवर ६१७४ हजर होणारच. फक्त शून्याचा मान राखावयास हवा. १११२ घेतले, तर २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. ते ०९९९ असे चार घरांत लिहावे. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, मग ८५३२, आणि पुढच्याच पायरीला ६१७४. पुढचे शून्य टाकून दिले तर खेळ बिघडतो.

ही हकीकत ज्यांच्यामुळे जगाला कळली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाला खोल गणित लागत नाही, पण आकडेमोड भरपूर लागते. ती आवड मुलाकडे आली. वडिलांनी आकड्यांतून माणसाचे भविष्य शोधले, मुलाने आकड्यांतून आकड्यांचेच गुण शोधले. दोघांचे साधन एक, पण मुलाच्या उत्तराचा पडताळा कोणालाही घेता येतो, हा दोहोंतला फरक आम्हांला मोठा वाटतो. शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. ती १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे केली. पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. हाताशी संशोधन संस्था नव्हती. शाळा, घर आणि आगगाडीचा प्रवास यांतून जो वेळ निघेल तेवढाच त्यांचा.

आगगाडीचे नाव उगाच घेतले नाही. १, १२१, १२३२१ अशा एका जातीच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली, आणि स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. आपल्यापैकी किती तरी जणांच्या वाट्याला त्या फलाटावर गर्दीखेरीज काही आले नसेल! ज्या संख्येला तिच्या आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिचेच आकडे मिळवून तयार होत नाही, तिला त्यांनी स्वयंभू मानले. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ होतात, म्हणून २४ ला जनक आहे; २० ला असा जनक कोठे सापडत नाही, म्हणून २० स्वयंभू. आणखी एक जात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ४५ चा वर्ग २०२५; त्याचे दोन तुकडे करून २० आणि २५ मिळविले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. या ‘कापरेकर संख्या’.

आता १९४९ सालाकडे येऊ. त्या वर्षी मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ६१७४ चा हा गुण मांडला. १९५५ साली त्यावरचे त्यांचे टिपण न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात आले. १९४९ हे साल स्वतः पूर्ण सात पायऱ्या चढून ६१७४ ला पोहोचते, हे आपण वर पाहिलेच. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेही सातच पायऱ्या घेते. याला कोणी योगायोग म्हणेल, कोणी चमत्कार म्हणेल. आमचे म्हणणे असे, की चमत्काराचा संशय आला की माणसाने हिशेब मागावा. तो येथे मागता येतो, आणि मिळतोही.

हिशेब असा. चार आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने उभे केले. वजाबाकीत सर्वांत मोठा आकडा एकदा हजाराच्या घरात असतो आणि एकदा एककाच्या. म्हणून तो ९९९ पटीने शिल्लक राहतो, आणि सर्वांत लहान आकडा तितक्याच पटीने वजा होतो. मधले दोन आकडे शतक आणि दशक यांत अदलाबदल करतात, म्हणून तेथे पट ९० ची. तात्पर्य, पहिल्या-शेवटच्या आकड्यांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोहोंतला फरक गुणिले ९०, एवढे केले की उत्तर तयार. ६१७४ वरच ताळा पाहा : ७ वजा १ म्हणजे ६, त्याचे ५९९४, ६ वजा ४ म्हणजे २, त्याचे १८०, बेरीज ६१७४.

म्हणजे मूळ चार आकडे कोणते होते याला महत्त्व उरत नाही. महत्त्व फक्त दोन फरकांना. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असावयाचा, आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या संख्यांतून सारख्या आकड्यांच्या दहा वगळल्या तर ९,९९० उरतात. त्या साऱ्यांचा जमाव पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत येऊन बसतो. त्या ५४ मध्येही पुष्कळांचे आकडे तेच, फक्त क्रम निराळा. ते एकत्र धरले की ३० प्रकार उरतात. तीस प्रकार कागदावर हाताने तपासून पाहणे हे एका संध्याकाळचे काम आहे. ते केले की दिसते, की सर्व वाटा ६१७४ कडेच उतरतात आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणालाच लागत नाहीत. ३८३ संख्या पहिल्याच पायरीला पोहोचतात, २,४०० तीन पायऱ्यांत, आणि २,१८४ संख्यांना पुरत्या सात लागतात. यात गूढ काही नाही. पण गूढ गेले म्हणून गोडी गेली असेही नाही. यंत्र उघडून आत पाहिलेल्या कामगाराला त्या यंत्राचे कौतुक कमी वाटत नाही, उलट वाढते.

शिवाय एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा उभा राहतो. चारच आकडे का? तीन आकड्यांवर ही कृती केली तर ४९५ वर मुक्काम होतो. दोन आकड्यांवर केली तर मुक्कामच होत नाही : ०९ वरून ८१, मग ६३, मग २७, मग ४५, आणि पुन्हा ०९, घाण्याच्या बैलासारखी फेरी चालू राहते. पाच आकड्यांतही एकच एक मुक्काम नाही, तीन निरनिराळ्या फेऱ्या आहेत. सहा आकड्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत आणि वर एक फेरीही आहे. चार आकड्यांची शिस्त ही सर्वत्र सापडणारी वस्तू नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

येथे एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी १९४० साली आपल्या विषयाची कैफियत मांडणारे एक पुस्तक लिहिले. त्यात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण देऊन ते म्हणतात, की आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणे (२१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१) अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतील, हौशी लोकांची करमणूक करतील. पण गणित्याला त्यांत फारसे काही नाही. हार्डी म्हणजे कोणी क्षुद्र टीकाकार नव्हेत. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांचे १९१३ सालचे पत्र वाचून त्यांची योग्यता ओळखणारे हेच हार्डी. रामानुजन यांनी त्यांना १७२९ या संख्येचा गुण सांगितला, तो प्रसिद्ध आहे : दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही लहानात लहान संख्या, १ आणि १२ यांच्या घनांची बेरीज १७२९, ९ आणि १० यांच्या घनांचीही तीच.

या दोन गुणांत फरक आहे आणि तो मान्य करावयास हवा. १७२९ कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीत लिहा, ती दोन घनांची बेरीज राहणारच. ६१७४ चा गुण मात्र आपल्या लिहिण्याच्या पद्धतीशी बांधलेला आहे. माणसाला दहाऐवजी बारा बोटे असती आणि आपण बाराच्या पाढ्याने मोजत असतो, तर या संख्येचे आकडेच बदलले असते आणि ही जादू तिच्यापाशी राहिली नसती. ६१७४ चा कायमचा, पद्धतीपलीकडचा गुण पाहावयाचा तर तो निराळा : १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज ६१७४. गंमत अशी, की ६, १, ७ आणि ४ मिळूनही १८ च होतात, आणि १८ ने ६१७४ ला भाग जाऊन ३४३ येतात. म्हणजे ही संख्या कापरेकरांच्याच परिभाषेत ‘हर्षद’ आहे.

पण आक्षेप मान्य केला म्हणजे खटला निकालात निघाला असे नव्हे. दशमान पद्धती ही काही आकाशातून पडलेली वस्तू नाही. ती माणसाने घडविलेले हत्यार आहे, आणि या हत्याराच्या घडणीत या देशाचा वाटा मोठा आहे. शून्याशी व्यवहार कसा करावा याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहून ठेवले. जे हत्यार कोट्यवधी माणसे रोज दुकानात, बँकेत, गिरणीत आणि शेतात वापरतात, त्याच्या अंगी कोणकोणते गुण आहेत हे विचारणे पोरकट कसे? सुतार रंधा वापरतो. पण रंध्याचे पाते असेच का चालते हे एखाद्या सुताराने विचारले, तर आपण त्याला शहाणा म्हणू.

आणि काळानेही उत्तर दिले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभर गेले. कोणी म्हणेल, हे शेवटी करमणुकीचेच सदर. तर पुढची गोष्ट ऐकावी. १८२६ साली जर्मनीत क्रेले यांनी सुरू केलेले नियतकालिक गणितात अत्यंत प्रतिष्ठेचे समजले जाते. त्याच्या १९७८ च्या खंडात चार आकडी ‘कापरेकर-स्थिरांक’ सर्व पायांच्या पद्धतींत कोठे कोठे सापडतात याचा निर्णय करणारा निबंध आला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक हेल्मुट हासे. संख्याशास्त्रातले विसाव्या शतकातले फार मोठे नाव. १९८१ साली आणखी एका निबंधाने दशमान पद्धतीतले असे सर्व स्थिरांक ठरविले. शाळामास्तरांचे कोडे पंडितांच्या मेजावर गेले, ते असे. तेव्हा कापरेकर हयात होते.

आता या कीर्तीच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. आमच्या धंद्याच्या माणसाची नजर तिकडे गेल्यावाचून राहत नाही. कापरेकरांनी आपली पुष्कळशी पुस्तके स्वतःच छापली. १९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा उतारवयात गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांना चरितार्थ चालवावा लागला. १९८६ साली ते गेले. ज्याच्या नावाचा स्थिरांक जगाच्या गणितात कायम झाला, त्याच्या घरखर्चाचा आकडा मात्र कधी स्थिर झाला नाही.

हे आपल्या मातीत पहिल्यापासून असेच होते असे समजू नये. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाच्या शेवटच्या जुन्या मराठी भागात मठाला कोणाकडून काय मिळावे हे नोंदले आहे. त्यात घाणे चालविणाऱ्यांनी द्यावयाच्या तेलाचाही उल्लेख आहे. आम्हांला तो लेख फार मोलाचा वाटतो. गणिताच्या पोथीपुढच्या दिव्यात घाणेवाल्याच्या श्रमाचे तेल जळत होते, हे दगडावर कोरलेले सत्य आहे. विद्येचा खर्च समाजाने उचलावयाचा, ही कल्पना त्या काळच्या माणसांना परकी नव्हती. त्या मठात घाणेवाल्याच्या मुलाला बसावयास मिळत होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तो हिशेब निराळा आणि तोही मागितला पाहिजे.

म्हणून ६१७४ च्या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली ही, की प्रश्न विचारण्याला परवाना लागत नाही. ज्याला वजाबाकी येते त्याच्या हाती एक शास्त्रीय साधन आहे. त्याने ते चिकाटीने वापरले आणि उत्तराचा ताळा दुसऱ्याला घेऊ दिला, तर तो शास्त्राचाच माणूस. दुसरी गोष्ट अशी, की प्रश्न फुकट सुचला तरी त्यामागे जाणारे तास फुकट नसतात. ते झोपेतून, घरखर्चातून, म्हातारपणाच्या शिलकीतून काढलेले असतात. आठ तास कामाचे, आठ विश्रांतीचे, आणि उरलेले आठ आपले, अशी मागणी जगभरच्या कामगारांनी केली. त्या शेवटच्या आठ तासांत माणूस काय करील असे मालक उपहासाने विचारीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत उरलेल्या तासांचे कापरेकरांनी काय केले, ते आपण आज पाहिले.

आपल्या गावातही वहीत आकडे मांडणारा एखादा शिक्षक, नाण्यांची किंवा पक्ष्यांची टिपणे ठेवणारा एखादा पोस्टमन, जुन्या यंत्रांची चित्रे काढणारा एखादा फिटर असेल. त्याची चेष्टा होत असेल, किंवा फार तर कौतुक होत असेल. आमची विनंती अशी, की त्याला त्याची वही उघडून दाखवावयास सांगावे. जे कळणार नाही ते पुन्हा विचारावे. वाचनालयाच्या समितीने त्याच्यासाठी एक मेज आणि थोडे पैसे काढून ठेवावेत. आणि त्याचे निवृत्तिवेतन त्याला पुरते की नाही, याची चौकशी तो जिवंत आहे तोवर करावी.